मुदतीचा कौल : जबलपूर आणि १९७७ची निवडणूक

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाचा एकत्र संसार मोडला. नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. राजधानीची आशा बाळगून असलेल्या जबलपूरला भोपाळने मागे टाकले. त्याच्या वाट्याला उच्च न्यायालय आले. ही वाटणी तेव्हा सांत्वनापुरतीच वाटली असणार. वीस वर्षांनी या न्यायालयाच्या निमित्ताने जबलपूरचे नाव देशाच्या घटनात्मक इतिहासात कायमचे कोरले जाईल, हे कोणाच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते. १९७७च्या लोकसभा निवडणुकीत या प्रदेशाने दिलेला कौल समजून घ्यायचा तर हे न्यायालय आणि हा मतदारसंघ यांचा एकत्रच विचार करावा लागतो.

स्वातंत्र्योत्तर काळात जबलपूरची लोकसभेतील जागा म्हणजे सेठ गोविंददास, असे समीकरण होते. राजा गोकुळदासांच्या धनाढ्य घराण्यात १८९६ साली जन्मलेला हा गृहस्थ गांधीयुगात तुरुंगात गेला. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्वागतसमितीची धुरा त्यांनी वाहिली. हिंदी नाटककार म्हणून त्यांनी विपुल लेखन केले आणि राष्ट्रभाषेच्या प्रश्नावर स्वपक्षाचीही भीड ठेवली नाही. १९५७, १९६२, १९६७, १९७१ अशा चार निवडणुकांत जबलपूरने त्यांनाच निवडून दिले. हा काँग्रेसचा विजय होताच. पण त्यात एका पिढीची कृतज्ञताही मिसळलेली होती. विरोधकांत समाजवादी होते, जनसंघ होता, आणि दोघांची मते एकमेकांना छेद देत होती. सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, या आपल्या पद्धतीत विभागलेला विरोध म्हणजे सत्ताधाऱ्यांना मिळालेले अघोषित अनुदानच. १९७१ साली मध्य प्रदेशातील ३७ पैकी २१ जागा काँग्रेसने जिंकल्या, जनसंघाला ११ मिळाल्या.

जून १९७४मध्ये गोविंददासांचे निधन झाले. रिकाम्या झालेल्या जागेसाठी जी पोटनिवडणूक झाली, ती आणीबाणीच्या इतिहासात प्रस्तावनेसारखी आहे. जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनाला तेव्हा भर येत होता. विरोधी पक्षांनी आपापले उमेदवार बाजूला ठेवून एकच उमेदवार उभा करावा, हा त्यांचा आग्रह जबलपुरात प्रत्यक्षात आला. उमेदवार होता होशंगाबाद जिल्ह्यातील बाबई गावच्या शेतकरी कुटुंबातला, जबलपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला आणि विद्यार्थी चळवळीत तुरुंगवास भोगलेला शरद यादव. वय अवघे सत्तावीस. तो निवडून आला. ज्या जागेला वारशाचे स्वरूप आले होते, तिथे घराणे नसलेला, पैसा नसलेला तरुण आला, ही गोष्ट महत्त्वाची आहेच. परंतु तिच्यामागचा हिशेब अधिक महत्त्वाचा. समाजवादी आणि जनसंघीय मते एका पेटीत पडू शकतात, हे त्या पोटनिवडणुकीने दाखवून दिले. १९७७चा देशव्यापी प्रयोग येथे आधीच करून पाहिला गेला होता.

या घटनेकडे सारे जबलपूर एकाच डोळ्याने पाहत होते असे मात्र नाही. हरिशंकर परसाई याच गावात राहत. जयप्रकाशांच्या संपूर्ण क्रांतीविषयी आणि तिच्याभोवती जमलेल्या मंडळींविषयी त्यांची लेखणी साशंक होती. १९८२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या त्यांच्या ग्रंथाचे ‘विकलांग श्रद्धा का दौर’ हे शीर्षकच त्या काळच्या भाविकतेवरचा अभिप्राय आहे. निवडणुकीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अशा साक्षी टाळू नयेत. विजयाच्या मिरवणुकीबाहेर उभा राहिलेला माणूसही त्या गावचा मतदार असतो.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. मार्च १९७१मध्ये निवडून आलेल्या लोकसभेची मुदत मार्च १९७६मध्ये संपत होती. आणीबाणी असताना ही मुदत एका वेळी एक वर्षाने वाढवण्याची मुभा राज्यघटना संसदेला देते. त्या मुभेचा आधार घेऊन फेब्रुवारी १९७६मध्ये तसा कायदा झाला. कायद्याच्या अक्षराला धरून सारे रीतसर होते. पण मतदाराने दिले होते ते पाच वर्षांपुरते. पुढचे वर्ष प्रतिनिधींनी स्वतःच स्वतःला दिले. हा भेद ज्यांना बोचला, त्यांत पुण्याचे मधू लिमये होते. बिहारमधील बांका येथून निवडून आलेले लिमये त्या वेळी मध्य प्रदेशातील तुरुंगांत होते आणि नरसिंहगढच्या तुरुंगात शरद यादवही होते. मुदत संपताच दोघांनी लोकसभेचे राजीनामे दिले.

राजीनाम्याने सरकारचे काही बिघडले नाही. काँग्रेसचे बहुमत प्रचंड होते आणि दोन कैद्यांच्या खुर्च्या एरवीही रिकाम्याच होत्या. तरीही संसदीय इतिहासात या कृतीचे मोल मोठे मानले पाहिजे. पद हे मतदाराने मुदतीवर सोपवलेली ठेव आहे, हा विचार भाषणांतून अनेकांनी मांडला. तो आचरणात आणणारे थोडेच. पोटनिवडणुकीने मिळालेली, दीड वर्षही न उपभोगलेली खासदारकी अठ्ठाविशीतल्या तरुणाने सोडावी, हे विशेष. ज्यांनी पहिले वर्ष वाढवले, त्यांनी नोव्हेंबर १९७६मध्ये आणखी एक वर्ष वाढवून घेतले, आणि बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेचा काळ सहा वर्षांचा केला.

त्याच सुमारास जबलपूरचे नाव दिल्लीत दुसऱ्याच कारणाने गाजत होते. स्थानबद्ध शिवकांत शुक्ल यांचा देहोपस्थितीचा अर्ज ऐकता येतो, असे जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ठरवले होते. अन्य काही उच्च न्यायालयांचेही मत तसेच होते. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या खटल्यात २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निर्णय झाला : आणीबाणीत नागरिकाला स्थानबद्धतेविरुद्ध दाद मागता येणार नाही. बहुमतात सरन्यायाधीश अजितनाथ राय, मिर्झा हमीदुल्ला बेग, यशवंत विष्णू चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती होते. विरोधात एकटे हंसराज खन्ना. जानेवारी १९७७मध्ये खन्नांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केले गेले. खन्नांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात, १८ तारखेला, निवडणुकीची घोषणा झाली.

मार्च १९७७चा निकाल आकड्यांतच वाचण्यासारखा आहे. मध्य प्रदेशात ४० जागा होत्या. त्यांपैकी ३७ भारतीय लोकदलाच्या नावावर नोंदल्या गेल्या. जनता पक्षाला तोवर स्वतंत्र मान्यता नसल्याने उमेदवार लोकदलाच्या ‘हलधर’ चिन्हावर उभे होते. परिणामी सरकारी तक्त्यात जनता पक्षाचा विजय दुसऱ्याच नावाने वावरतो आणि अनभिज्ञ विद्यार्थ्याची फसगत करतो. उरलेल्या तीन जागा अशा : गुण्यात अपक्ष माधवराव शिंदे, बालाघाटात रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे कचरूलाल जैन, आणि छिंदवाड्यात काँग्रेसचे गार्गीशंकर मिश्र. काँग्रेसकडे राज्यात उरली ती हीच एक जागा. जबलपुरातून शरद यादव पुन्हा निवडून आले.

आता नकाशा समोर धरावा. छिंदवाडा विदर्भाला लागून आहे, आणि विदर्भात नागपूर, वर्धा, वाशीम या जागा काँग्रेसने जिंकल्या. बालाघाटही विदर्भाच्या सीमेवरच. चंद्रपूरच्या राजाभाऊ खोब्रागडे यांच्या गटाने तिथे जशी जागा जिंकली, तशी विदर्भात बुलढाण्याची जिंकली. म्हणजे एकवीस वर्षांपूर्वी मोडलेल्या प्रांताची वीण मतपेटीत पुरती उसवली नव्हती. नागपूरकडून नर्मदेकडे जावे तसतसा काँग्रेसविरोधाचा जोर वाढत गेलेला दिसतो. सक्तीच्या नसबंदीचा धसका उत्तरेत अधिक होता, हे कारण सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण जबलपूरपुरते पाहता ते अपुरे पडते. आणीबाणीपूर्वीच या मतदारसंघाने आपला निर्णय दिलेला होता. १९७७ साली त्याने तो कायम केला, इतकेच. महाराष्ट्रात काँग्रेसला ४८पैकी २० जागा मिळाल्या. सहकारी संस्थांचे आणि स्थानिक नेतृत्वाचे जे जाळे तिथे पक्षाला सावरून धरीत होते, तसले जबलपुरात नव्हते. तिथला पक्ष एका व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर उभा होता, आणि ती व्यक्ती १९७४ सालीच गेली होती.

१९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली. जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क बजावण्याची वाट आणीबाणीतही बंद करता येणार नाही, अशी तरतूदही तिनेच केली. जबलपुरातून उठलेल्या दोन्ही प्रश्नांना एकाच दुरुस्तीत उत्तर मिळाले. न्यायालयाला स्वतःचा निर्णय पुसायला मात्र २०१७ साल उजाडावे लागले. तो पुसणारे मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचे, म्हणजे १९७६च्या बहुमतातील यशवंतरावांच्या पुत्राचे आहे.

जबलपूरने १९८० साली काँग्रेसचे मुंदर शर्मा निवडले, १९८२च्या पोटनिवडणुकीत भारतीय जनता पक्षाचे बाबूराव परांजपे, १९८४ साली पुन्हा काँग्रेसचे अजय नारायण मुश्रान आणि १९८९ साली पुन्हा परांजपे.