यकृतातील पट्टकृमी आणि शरीराचा प्रतिकार

कुत्र्याच्या आतड्यात राहणारा, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा एक पट्टकृमी माणसाच्या यकृतात अळीच्या रूपात वर्षानुवर्षे तग धरून राहतो. ‘इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस’ हे त्याचे शास्त्रीय नाव असून त्याच्यामुळे होणारा विकार हायडॅटिड रोग म्हणून ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या कृमीच्या विविध जातींमुळे कोणत्याही वेळी जगातील १० लाखांहून अधिक लोक बाधित असतात. मेंढपाळीच्या प्रदेशांत या रोगाचे प्रमाण अधिक आहे. भारतातही त्याचे रुग्ण आढळतात.

संसर्गाचा मार्ग

बाधित मेंढी-बकरीचे यकृत किंवा फुप्फुस कुत्र्याने खाल्ले की त्याच्या आतड्यात कृमी वाढतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि हात, पाणी किंवा भाजीपाल्यावाटे माणसाच्या पोटात जातात. लहान आतड्यात अंड्यातून बाहेर आलेला सूक्ष्म भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे यकृतात पोहोचतो. सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये गाठ यकृतातच आढळते. त्याखालोखाल फुप्फुसाचा क्रमांक लागतो.

पहिले काही दिवस निर्णायक

हा भ्रूण आरंभी दुबळा असतो. रक्तातील प्रतिपिंडे आणि त्यांना साहाय्य करणारी प्रथिने त्याला नष्ट करू शकतात. मात्र प्रथमच संसर्ग झालेल्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यापूर्वीच भ्रूणाचे पाण्याने भरलेल्या पिशवीत रूपांतर होऊ लागते. या पिशवीभोवती कर्बोदकांनी समृद्ध असा पेशीविरहित थर तयार होतो. या थरामुळे प्रतिकारक पेशींना आतील जिवंत अस्तरापर्यंत पोहोचता येत नाही. त्याबाहेर शरीर स्वतः तंतुमय आवरण बांधते. शत्रूला मारता आले नाही, तरी त्याला कोंडून ठेवण्याचा हा प्रयत्न असतो.

सक्तीचा तह

गाठ स्थिरावल्यावर कृमी शरीराचा प्रतिसादच वळवतो. त्याचे ‘अँटिजेन बी’ हे प्रथिन पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते. पेशींमार्फत होणारा आक्रमक प्रतिसाद मागे पडतो, तर दाह शमविणारे इंटरल्युकिन-१० सारखे घटक वाढतात. रक्तात आयजीजी-४ व आयजीई ही प्रतिपिंडे वाढलेली दिसली, तरी त्यांच्यामुळे कृमी मरतोच असे नाही. म्हणूनच अनेकांना दीर्घकाळ कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत.

हा तह मोडला तर मात्र धोका संभवतो. गाठ फुटून आतील द्रव शरीरात पसरल्यास आयजीईमुळे तीव्र अॅलर्जीचा झटका येऊन प्राणावर बेतू शकते. शिवाय द्रवातील सूक्ष्म कृमीबीजांपासून नव्या गाठी तयार होतात. त्यामुळे यकृतातील संशयास्पद गाठीत पूर्वतयारीविना सुई घालणे टाळले जाते.

निदान व उपचार

निदानाचा मुख्य आधार सोनोग्राफी हा आहे. रक्ततपासणीत प्रतिपिंडे आढळल्यास निदानाला पुष्टी मिळते. तथापि अखंड गाठीतील द्रव्ये रक्तात फारशी मिसळत नसल्याने काही रुग्णांची तपासणी नकारार्थी येते. तेवढ्यावरून रोग नाही असे मानता येत नाही. गाठीच्या अवस्थेनुसार अल्बेंडाझोल, सुईद्वारे उपचार, शस्त्रक्रिया किंवा केवळ देखरेख असे पर्याय निवडले जातात.

कोल्ह्यांमार्फत पसरणारी ‘मल्टिलोक्युलॅरिस’ ही जात अधिक घातक आहे. ती यकृतात अर्बुदासारखी पसरते. मात्र अलास्कातील काही लोकांच्या यकृतात तिचे मृत अवशेष आढळले आहेत. म्हणजे काहींचे शरीर तिच्यावर मात करू शकते. याउलट एड्स किंवा अवयव प्रत्यारोपणामुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांमध्ये ती वेगाने वाढते.

लसीची दिशा

कृमीच्या आरंभीच्या दुबळेपणाचाच उपयोग ऑस्ट्रेलियातील मार्शल लाइटोवलर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९९०च्या दशकात त्यांनी मेंढ्यांसाठी ‘ईजी-९५’ ही लस विकसित केली. लसीमुळे प्रतिपिंडे आधीच सज्ज राहतात आणि भ्रूण गाठ बनण्यापूर्वीच मारला जातो. माणसासाठी अशी लस उपलब्ध नाही. त्यामुळे कुत्र्यांना नियमित जंतनाशक देणे, कत्तलीनंतरचे बाधित अवयव त्यांच्यापासून दूर ठेवणे आणि जेवणापूर्वी हात धुणे हेच खात्रीचे प्रतिबंधक उपाय ठरतात.