वर बघायची सवय

हॉटेलात, देवळात, लग्नाच्या कार्यालयात किंवा कुणाच्या नव्या बंगल्यात गेलो की माझी मान आधी वर जाते. छताला काय टांगलंय ते बघितल्याशिवाय मला खुर्चीवर नीट बसताच येत नाही. घरची माणसं हसतात. सून म्हणते, "मामा, पंखा पडणार न्हाय, बसा." मी पंखा बघत नसतो, दिवा बघत असतो. ही सवय मूळची माझी नव्हे, माझ्या आजीची. ती माझ्याकडं कशी आली हे आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. आता वय झालं, तेव्हा लिहून टाकतो.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं, सातारा जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला. घर माळवदाचं. माजघराच्या तुळईला एक लोखंडी कडी होती आणि त्या कडीला पितळेचा लामणदिवा. आजीनं तो माहेराहून आणलेला. हात-दीड हात साखळी, साखळीच्या शेवटी मोर, मोराच्या खाली तेलाची वाटी. वाटीला वाती ठेवायला पाच चोची आणि ठिबकलेलं तेल झेलायला खाली ताटली. लग्नात वरमाईच्या हातात असतो त्याच जातीचा, पण आमचा वजनाला भारी.

हे जुने दिवे कसे व्हायचे ते मला पुढं एका ओतकाम करणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं. आधी मेणाचा मोर करायचा, त्यावर मातीचे थर द्यायचे, भट्टीत तापवून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पितळ ओतायचं. मग माती फोडायची, की मोर बाहेर. साचा एकदाच कामाला येतो, म्हणून जुन्या दोन दिव्यांवरचे मोर कधी तंतोतंत सारखे नसतात. आमच्या मोराची मान डावीकडं वळलेली होती, जणू दारातून कोण आलं ते बघतोय. आजी म्हणायची, घडवणाऱ्याच्या हातून मेण मऊ असताना वाकली असणार.

हा दिवा रोज लागायचा नाही. तेवढं तेल कुठलं? रोजच्याला रॉकेलची चिमणी. लामणदिवा शुक्रवारी, सणासुदीला आणि घरात बाळंतपण असलं तर. त्याला करडईचं तेल, तेही घाण्याचं. दिव्याच्या आदल्या दिवशी तो खाली काढून चिंचेनं घासायचं काम माझं, कारण साखळीच्या बेचक्यात माझीच बोटं जायची.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी बारा वर्षांचा. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी जास्त लिहीत नाही. विहिरी आटल्या, जनावरं गेली, बाप आणि आई खडी फोडायला जायची. मुलांना सुकडी मिळायची आणि रेशनवर तांबडा मिलो यायचा. त्याच्या भाकरीला चव नव्हती, पण भाकरी होती. घरातली भांडी एकेक करून गेली. आधी घागर, मग हंडा, मग परात. शेवटी बापानं वर बघितलं. आजी काही बोलली नाही, स्वतःच स्टुलावर चढून तिनं दिवा कडीतून काढला.

बापाचं बोट खडीच्या हातोड्याखाली आलेलं, म्हणून शेजारच्या गाडीतून मला बाजारला धाडलं. दिवा गोणपाटात गुंडाळून मांडीवर. मोडीच्या दुकानदारानं तो उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, साखळीत माती बसलीय, वजनात धरणार नाही. मग दिवा ऐरणीवर आडवा ठेवून घणाचे तीन घाव घातले. पहिल्या घावाला मान तुटली. पुढचे दोन मी नीट बघितले नाहीत. चपटा झालेला तुकडा तराजूत टाकला, अडीच किलोला थोडा कमी भरला. त्या पैशात आमच्या घराला आठवड्याचं धान्य आलं. दुकानदाराचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पितळ वितळवायचंच होतं, आणि पोत्यात चपटं भांडं जास्त बसतं.

घरी आल्यावर आजीनं धान्याकडं बघितलं नाही. तिनं विचारलं, "कुठं ठिवला रं त्यानं?"

मी म्हणालो, "दुकानात वर टांगलाय. कुणी देवळासाठी नेणार हाय म्हणत हुता."

का बोललो माहीत नाही. बारा वर्षांच्या पोराला जे सुचलं ते. आजीचा चेहरा उतरलेला होता तो जरा सावरला आणि ती चुलीकडं वळली. मला वाटलं, मिटलं.

पण मिटलं नव्हतं. दुष्काळ सरल्यावर आम्ही औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो. बाहेर ती उंच दगडी दीपमाळ. दीपमाळेचे दगडी हात वरपर्यंत मोजत मी उभा होतो. त्रिपुरी पौर्णिमेला अशा हातांवर पणत्या ठेवतात, कुठं कुठं तेलात बुडवलेल्या चिंध्यांचे बोळे. अशा माळा बऱ्याचदा नवसाच्या असतात. कुणाचं पोर जगलं, कुणी लढाईतून जित्ता परत आला, की देवापुढं दगडाचा दिवा उभा. मी हे बघेपर्यंत आजी आत गेली होती. आत जाऊन बघतो तर तिचं तोंड देवीकडं नव्हतंच. ती वरच्या साखळ्या बघत होती. बाहेर येताना एवढंच म्हणाली, "ह्यो न्हवं आपला. आपल्या मोराची मान वाकडी हुती."

त्यानंतर जिथं देऊळ तिथं हे. शिंगणापूर, जेजुरी, पंढरपूर. पंढरपुरात बारीला मागनं माणसं ढकलतायत आणि म्हातारी मान वर करून उभी. मी तिचा हात धरून पुढं ओढायचो. खरं सांगायला तोंड उघडायचं नाही.

दिव्यांबद्दल तिला पुष्कळ माहिती होती. तिची आई एका वाड्यावर कामाला होती. त्या दिवाणखान्यात काचेच्या हंड्या टांगलेल्या, तांबड्या, निळ्या, हिरव्या. अशा काचा बाहेरच्या देशांतून जहाजानं यायच्या. हंडी कशी पेटवायची ते आजीनं मला सांगितलेलं. आधी निम्म्याच्या वर पाणी भरायचं, त्यावर तेल ओतायचं. तेल वर तरंगतं, त्यात बुचाच्या तरंगत्या चकतीतनं वात. तेल संपलं की वात पाण्याला टेकून आपोआप विझते, म्हणून काच तापून तडकत नाही. शिवाय खालून पाण्यातनं उजेड हलतो तो बघायला छान. नवरात्राच्या आधी दोरानं हंड्या खाली घेऊन रिठ्याच्या पाण्यानं धुवायच्या. एक फुटली की कामवालीचा महिन्याचा पगार गेला. "उजेड त्येंचा, भ्या आमाला," असं आजी म्हणायची.

इकडं आमच्या तुळईच्या रिकाम्या कडीला कंदील आला. प्रभात कंदील. याचा अभिमान आमच्या भागातल्या माणसाला वाटावा असा इतिहास आहे. पूर्वी कंदील, चिमण्या, काचसामान सगळं परदेशी, अमेरिकेचं नाहीतर जर्मनी-ऑस्ट्रियाचं. देशी काच व्हावी म्हणून लोकांकडून एकेक पैसा गोळा करून तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. पुढं १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाड स्टेशनाजवळ स्वतःचा कारखाना काढला. ती जागा औंध संस्थानातली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्याआधी १९१० साली किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा दिलेली, तिथं किर्लोस्करवाडी झाली, आणि इथं ओगलेवाडी. नकाशावर संस्थान एवढंसं, पण त्याच्या माळरानावर नांगरही तयार झाला आणि कंदीलही. आजच्या पोरांना ओगलेवाडी म्हणजे रेल्वेचं स्टेशन एवढंच ठाऊक. कारखाना बंद पडूनही बरीच वर्षं झाली.

कंदील काही शोभेची वस्तू नाही असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या बघा, दोन हात कमरेवर ठेवून बाई उभी राहावी तशा. आणि त्या नुसत्या धरायला नाहीत. वरची हवा त्या नळ्यांतून खाली बर्नरला जाते, म्हणून वारा आला तरी ज्योत विझत नाही. रोज संध्याकाळी काच काढून राखेनं पुसायचं काम पुन्हा माझंच, कारण काचेच्या तोंडातून मोठ्याचा हात जात नाही. माझी दहावी त्याच उजेडात झाली, १९७६ साली. अकरावीची मॅट्रिक बंद होऊन नवी दहावी आली, तिची आमची दुसरीच तुकडी. पुढं शिकायचं होतं, पण ते राहिलं.

शाळा सुटल्यावर दोन-तीन हंगाम मी वरातीत गॅसबत्ती डोक्यावर घ्यायला जायचो. पंप मारला की जाळीचा मेंटल पांढराफेक पेटायचा आणि सूंऽऽ आवाज. नवरदेव उजळायचा, घोडा उजळायचा, बँडवाल्यांची पितळी वाद्यं चमकायची. ज्याच्या डोक्यावर बत्ती त्याचं तोंड मात्र बत्तीच्या बुडाच्या सावलीत. किडे मानेवर पडायचे आणि चुंबळीतनं टाळू भाजायची. आमच्याच गावातल्या एका लग्नात माझ्या वर्गातली पोरं वरातीत नाचत होती. मी त्यांच्यापासून चार हातांवर बत्ती घेऊन उभा, तरी कुणी ओळखलं नाही. ओळखलं नाही तेच बरं झालं असं तेव्हा वाटलं.

मग गावात वीज आली. आधी विहिरींच्या मोटारींना, नंतर घरात. वायरमननं आमच्या त्याच कडीला वायर गुंडाळून बल्ब सोडला. बटन दाबल्यावर आजीनं हात जोडले आणि म्हणाली, "ह्येला तेल न्हाय, वात न्हाय, घासायचं न्हाय. मग बायकांनी सांजचं करायचं काय?" त्यानंतर ती सात-आठ वर्षं होती. शेवटच्या आजारपणात खाट माजघरात, बल्बाच्या खाली. एकदा रात्री मला म्हणाली, "कुठल्या का देवळात असंना, लागतोय न्हवं?" मी म्हणालो, "लागतोय की." ती गेली त्याला आता चाळीसएक वर्षं होतील.

नंतर मी वर बघायला लागलो.

काशीयात्रेच्या गाडीनं जाताना ग्वाल्हेरला थांबलो होतो. शिंद्यांचा जयविलास राजवाडा, १८७४ साली जयाजीरावांनी बांधला. ही शिंदे मंडळी मूळची कण्हेरखेडची, म्हणजे आमच्या शेजारच्या कोरेगाव तालुक्यातली. म्हणून आम्ही सातारची माणसं जरा ऐटीतच आत गेलो. दरबारात दोन झुंबरं, एकेक साडेतीन टनांचं. तिथल्या माणसानं सांगितलं, छत पेलतंय का बघायला आधी दहा हत्ती वर चढवले होते. सगळे आ वासून हत्तींचं ऐकत होते. मी विचारलं, हे पुसतं कोण आणि किती दिवस लागतात? तो म्हणाला, असं कुणी विचारत नाही.

पण माझी खरी फजिती पुण्यात झाली. एका कामाला गेलो होतो, दोन तास मोकळे मिळाले, म्हणून केळकर म्युझियम बघायला शिरलो. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून, घरोघरी विचारून वस्तू जमवल्या आणि गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्या ठेवल्या. आमच्यासारख्यांच्या घरातून मोडीत गेलं असतं ते या माणसानं वाचवलं. तिथं दिवे किती! समया, ठाणवया, पणत्या, हातदिवे आणि साखळ्यांचे लामणदिवे. हत्ती, हंस, पोपट, मोर. मी एकेका मोरापुढं थांबायला लागलो. मान बघायची, पुढं जायचं. अर्ध्या तासानं ध्यानात आलं की मी शोधतोय. ज्यानं घण पडताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, तोच शोधतोय. एका मोराची मान डावीकडं थोडी होती. काचेला नाक लावून बघितलं. राखणदार जवळ येऊन म्हणाला, "काका, काचेला हात नको." तो आमचा नव्हता. असणारच नव्हता. तरी पायऱ्या उतरताना मला दम लागला होता.

परवा मुलाच्या गाडीतून कोल्हापूरला जाताना हायवेवरच्या एका नव्या हॉटेलात नाष्ट्याला थांबलो. वाड्यासारखं केलेलं, खोट्या तुळया, आणि प्रत्येक टेबलावर एकेक पितळी लामणदिवा. आत ज्योतीच्या आकाराचा पिवळा बल्ब, मिणमिणणारा. वाटीत तेल ओतायला जागाच नाही, तिथं वायरचं भोक. मालक गल्ल्यावर होता, त्याला विचारलं. म्हणाला, मुरादाबादचा माल आहे, पाहिजे तर पत्ता देतो.

नातू म्हणाला, "आजोबा, काय मोजताय?"

आठ दिवे होते. आठही मोरांच्या माना सरळ, समोर बघणाऱ्या, एकासारखा एक.

"काय न्हाय," मी म्हणालो, "तू मिसळ सांग."