पाँ नफ पुलावरची दाढ

दाढ ठणकतेय ना? गाल धरा आणि चला, अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये, पाँ नफ पुलावर.

खालून सीन नदीचा कुबट वास, पायाखाली घोड्यांची लीद, डोक्यावर चटके देणारं ऊन. फेरीवाल्यांच्या आरोळ्यांत स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. चौथ्या आँरीच्या अश्वारूढ पुतळ्याजवळ लाल कोटातला एक धिप्पाड माणूस उभा आहे. हा ग्राँ तोमा, शहरातला सगळ्यात नावाजलेला दात उपटणारा. गर्दी तुम्हाला पुढे ढकलते. जाड बोटं तोंडात शिरतात, लोखंडाची चव लागते, जबड्यात काहीतरी करकरतं आणि दाढ हातात! लोक ओरडतात. तुम्ही रक्त थुंकता.

हत्यार धुतलेलं नव्हतं, हे खरं. पण तुमचा घात तुमच्याच हिरडीतले जंतू करणार आहेत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, माळेत ओवल्यासारखे स्ट्रेप्टोकोकस त्या उघड्या खळग्यातून रक्तात उतरलेत. बहुतेकांच्या रक्तातून ते काही मिनिटांत नाहीसे होतात. पण लहानपणी तुमचे सांधे सुजले होते, ताप आला होता, आठवतं? त्या तापाने हृदयाची एक झडप खडबडीत करून ठेवलीय. रक्त तिथे भोवऱ्यासारखं फिरतं, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका आणि फायब्रिनचे धागे तिला चिकटून बसतात.

जंतूला हेच हवं असतं. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि आवरणावर चिकट प्रथिनं. त्यांतलं एक प्रथिन बिंबिकेवरच्या सियालिक आम्ल असलेल्या शर्करेच्या साखळीला नेमकं पकडतं. गवतातून चालून आल्यावर कपड्यांना कुसळं चिकटावीत, तसं. झडप सेकंदाला एकदा तरी उघडते-मिटते, रक्ताचा लोट तिच्यावरून धावतो, तरी ही पकड सुटत नाही. उलट चेतवलेल्या बिंबिका आणखी बिंबिकांना बोलावतात, थरावर थर चढतो. या गोळ्याच्या पोटात पांढऱ्या पेशी सहसा पोहोचत नाहीत, आणि झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच.

तीन आठवडे गेले. रोज संध्याकाळी कणकण, रात्री सदरा घामाने चिंब. नखाखाली एक बारीक लाल रेघ उमटलीय, काटा रुतल्यासारखी. पायऱ्या चढताना धाप लागते.

शेजारीण दारातून विचारते, "दाढ कशी आहे आता?"

तुम्ही जिभेने चाचपून बघता. खळगा केव्हाच भरून आलाय.