शाबितीचा बोजा

सोनें मुकें असतें. तें जकात भरून बंदरांत आलें कीं रात्रीच्या अंधारांत होडींतून उतरलें, हें त्याच्यावर लिहिलेलें नसतें. मग शाबितीचा बोजा कोणावर? सामान्य न्याय म्हणतो, आरोप करणारावर. १८७८ च्या सागरी जकात कायद्यांत मूळची स्थिति हीच होती. १९५५ सालीं त्यांत १७८-अ हें कलम आलें. माल चोरटा आहे अशा वाजवी समजुतीनें सोनें वा हिरे जप्त झाले, तर ते चोरटे नाहींत हें बाळगणारानेंच शाबीत करावें, असें त्यानें ठरविलें.

बारमेरच्या एका गृहस्थाचा माल १९५१ सालीं जप्त झाला होता. त्यांतील कांहीं वस्तु फाळणीच्या वेळीं आपण बरोबर आणल्या, असें तो सांगे. अशा पळापळींत पावत्या कोण जपतो? १९६० सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या वस्तूंबाबतचा बोजा सरकारवरच ठेवला. १९६१ सालीं त्याच न्यायालयानें नवें कलम मात्र वैध ठरविलें, आणि १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यांत तें कलम १२३ म्हणून आलें. तें आजहि आहे.

चोरट्या व्यापाराची वाट बाळगणारासच ठाऊक असते, हें खरें. पण आजीच्या पाटल्यांची पावती कोणत्या घरांत असते? म्हणून ‘वाजवी समजूत’ हे दोन शब्दच प्रामाणिक गृहस्थाचें कवच होत.