हृद्‌स्नायू-अंतःक्षेपण कॅथेटर

हृदयाच्या भिंतीतील स्नायूत आतल्या बाजूने सुई रोवून औषध, जनुक किंवा पेशी सोडणारे उपकरण. जांघेतल्या धमनीतून आत शिरलेले कॅथेटर महाधमनीची कमान चढून उतरते, झडप रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने ओलांडते आणि डाव्या निलयात पोहोचते. तिथे टोकातून काही मिलिमीटर सुई बाहेर काढतात, ०.१ ते ०.३ मिलिलिटर द्रव सावकाश सोडतात, सुई आत घेतात आणि पुढच्या जागी सरकतात. एका बैठकीत अशी दहा ते वीस टोचणी होतात. फुगा किंवा स्टेंट नेणाऱ्या कॅथेटरांशी याची गल्लत करू नये. ती रक्तवाहिनीच्या पोकळीत काम करतात, हे स्नायूच्या गाभ्यात. बंद पडलेल्या हृदयात छातीवरून लांब सुईने ॲड्रेनलिन टोचण्याची जुनी पद्धतही वेगळीच, कारण तिचे लक्ष्य हृदयाचा कप्पा असे आणि आता ती मागे पडली आहे.

मात्र कॅथेटर हृदयापर्यंत नेण्याची कल्पना त्या जुन्या पद्धतीच्या धास्तीतूनच पुढे आली. जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी सरकवत उजव्या अलिंदापर्यंत नेली आणि चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. या धाडसाची गोष्ट पुष्कळ सांगितली जाते. त्यामागचा हेतू मात्र क्वचितच. आणीबाणीच्या वेळी छातीत सुई खुपसण्याऐवजी औषध हृदयात पोहोचवण्याची सुरक्षित वाट फोर्समान शोधत होता. पुढे कूर्नान आणि रिचर्ड्स या डॉक्टरांनी या नळीला मोजमापाचे साधन केले आणि १९५६ चे नोबेल तिघांना विभागून मिळाले. औषध पोहोचवण्याचा मूळ हेतू त्यानंतर बरीच दशके मागे राहिला.

तो पुन्हा वर आला १९९० च्या दशकाच्या अखेरीस. हृदयाच्या रोहिण्या इतक्या खराब झालेल्या, की ना बायपास शक्य ना अँजिओप्लास्टी, अशा रुग्णांच्या स्नायूत नव्या केशवाहिन्या उगवाव्यात म्हणून जनुके टोचण्याचे प्रयोग सुरू झाले होते. पॅरिसमध्ये २००० साली फिलिप मेनाशे यांनी बायपास शस्त्रक्रियेच्या वेळी मांडीच्या स्नायूतील पेशी मृत हृद्‌स्नायूत टोचल्या. दोन्हीकडे छाती उघडावी लागे. तीच टोचणी आतून करता आली तर, या प्रश्नाने उपकरणे बनवणाऱ्यांना कामाला लावले.

अडचण पहिली म्हणजे दिसत नाही. क्ष-किरणांत हृदयाची नुसती सावली हलते; भिंतीचा कोणता भाग जिवंत, कोणता मेलेला, हे कळत नाही. इस्रायलमध्ये श्लोमो बेन-हाईम यांच्या गटाने विकसित केलेल्या चुंबकीय नकाशापद्धतीने हा प्रश्न बराचसा सोडवला. पलंगाखालून तीन क्षीण चुंबकीय क्षेत्रे सोडली जातात, कॅथेटरच्या टोकातील संवेदक स्वतःची जागा सांगतो आणि त्याच टोकाने त्या जागचा विद्युतदाबही मोजला जातो. भिंतीला बिंदूबिंदूने स्पर्श करत गेले की पडद्यावर निलयाचा रंगीत नकाशा उमटतो. याच पद्धतीच्या नोगा या प्रणालीत तांबडा भाग म्हणजे मेलेला स्नायू, जांभळा म्हणजे ठणठणीत. सुई टोचायची ती मधल्या पट्ट्यात, जिथे स्नायू जिवंत आहे पण रक्ताअभावी सुस्तावला आहे. या प्रणालीसोबतच्या मायोस्टार कॅथेटरची जाडी ८ फ्रेंच, म्हणजे सुमारे २.७ मिलिमीटर, आणि सुई २७ गेजची, ०.४ मिलिमीटरच्या आसपास.

दुसरी अडचण सुई रोवण्याची. भिंत दर मिनिटाला साठ-सत्तर वेळा आत-बाहेर होते. सुई नीट बसली याची खूण हृदयच देते : टोचताक्षणी एखादा अवेळी ठोका पडतो आणि टोकाजवळचा विद्युत आलेख उचलला जातो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पातळ झालेल्या भिंतीतून सुई आरपार गेली तर हृदयावरणात रक्त साचून जिवावर बेतू शकते. म्हणून भिंतीची जाडी आधी मोजतात आणि पातळ भाग वगळतात. निलयात रक्ताची गुठळी असेल किंवा महाधमनीची झडप कृत्रिम धातूची अथवा फार अरुंद असेल, तर ही प्रक्रिया करत नाहीत. बायोकार्डिया कंपनीच्या हेलिक्स कॅथेटरची सुई बुचाच्या स्क्रूसारखी पिळाची आहे. ती फिरवून रोवली की ठोक्यागणिक निसटत नाही. निलयात न शिरता कोरोनरी सायनसच्या शिरेतून, अल्ट्रासाउंडच्या नजरेखाली स्नायूत सुई घालण्याची वाट पोलंडमधील पोझनान येथे दहा रुग्णांवर वापरून पाहण्यात आली. ती फारशी रुळली नाही.

तिसरी अडचण सर्वात चिवट : टोचलेले राहत नाही. आकुंचन पावणारा स्नायू म्हणजे पिळला जाणारा फडका. द्रवाचा काही भाग सुईच्या वाटेने परत निलयात येतो, काही शिरांतून वाहून फुप्फुसांत जातो. २००५ मध्ये जर्मनीत किरणोत्सारी खूण केलेल्या अस्थिमज्जा-पेशी रोहिणीतून सोडल्या असता तासाभराने त्यांपैकी जेमतेम १.३ ते २.६ टक्के हृदयात सापडल्या. बाकीच्या बहुतांश यकृत-प्लीहेत. त्याच वर्षी डुकरांवरील एका प्रयोगात स्नायूत थेट टोचलेल्या पेशींपैकी ११ टक्के टिकल्या. चौपट फायदा खरा, पण दहातले नऊ भाग वाया. बेल्जियममध्ये विकसित झालेल्या सी-कॅथमध्ये सुई वक्र करून तिला बाजूने लहानमोठी छिद्रे दिली, ती याच गळतीवर उपाय म्हणून.

नळी हीसुद्धा निष्क्रिय नसते, हे उशिरा उमगले. जनुक वाहून नेणारे ॲडेनोव्हायरस काही कॅथेटरांतून जाताना आतल्या धातू-प्लॅस्टिकच्या संपर्काने निकामी होत असल्याचे २००० साली दाखवले गेले. त्याआधीच्या ज्या प्रयोगांत ही तपासणी नव्हती, तिथे रुग्णाला नेमका किती डोस मिळाला हे सांगणे अवघड आहे. म्हणून आता औषध आणि कॅथेटर यांची जोडी एकत्र तपासतात.

मानवी चाचण्यांचा आलेख उत्साहाकडून सावधपणाकडे जातो. रॉटरडॅममध्ये पाच रुग्णांना स्नायूपेशी आणि रिओ दी जानेरोत चौदा रुग्णांना अस्थिमज्जा-पेशी अशा रीतीने टोचल्याचे अहवाल २००३ मध्ये आले आणि आशा उंचावली. अमेरिकेतील ‘फोकस’ चाचणीत (२०१२) ९२ रुग्ण होते. दहा कोटी पेशी पंधरा जागी टोचूनही हृदयाच्या कार्यात ठरवलेली सुधारणा दिसली नाही. ‘चार्ट-१’ मध्ये २७१ रुग्णांवरचा निकाल तटस्थ आला. ‘ड्रीम-एचएफ’ मध्ये (२०२३) ५३७ जणांत हार्ट फेल्युअरचे वारंवार होणारे प्रसंग घटले नाहीत, मात्र हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात कमी आढळले. ‘चार्ट-१’ च्या नंतरच्या विश्लेषणात एक गोष्ट अनपेक्षित निघाली : वीसपेक्षा कमी टोचणी झालेल्यांच्या निलयाचा आकार अधिक आटोक्यात आला. टोचणीची इजाच पेशींचा गुण खाऊन टाकते का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. ही विभागणी आधी ठरलेली नसल्याने तिच्यावर फार भार टाकता येत नाही, पण अशा चाचण्यांत अपयशाचे खापर नेहमी औषधावर फुटते आणि सुई नामानिराळी राहते, हे खरे.

नियंत्रण गटाचेही महत्त्व इथे मोठे. याच नकाशापद्धतीने स्नायूत लेसर मारून छातीदुखी कमी करण्याच्या ‘डायरेक्ट’ चाचणीत (२००५, २९८ रुग्ण) लेसर न मारलेल्यांनाही तेवढाच आराम पडला. कॅथ लॅब, झाकलेले डोळे, यंत्रांचे आवाज हेही औषधच ठरते. म्हणून नंतरच्या बहुतेक चाचण्यांत प्रक्रियेचे सोंग हुबेहूब वठवले जाते.

भारतात मूलपेशींचा वापर, रक्ताच्या काही विकारांतील मान्य प्रत्यारोपण सोडता, नोंदणीकृत चाचणीबाहेर करता येत नाही, असे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पैसे घेऊन हृदयात मूलपेशी टोचून देण्याची जाहिरात या चौकटीत बसत नाही.

अलीकडे तीच सुई वेगळ्या कामाला लागली आहे. भिंतीत खोलवर दडलेल्या जागेतून उठणारा निलयाचा घातक जलद ठोका बाहेरच्या ऊर्जेला दाद देत नाही. तिथे सुई रोवून साठेक अंश सेल्सियसला तापवलेले सलाइन सोडतात आणि रेडिओलहरींनी तो भाग जाळतात. हा द्रव थोडा वेळ तिथे थांबला तरी पुरते.