कालव्याचें पाणी आणि उसाची जमीन



पाण्यावांचून जमीन ओसाड पडते, हें आपण सर्वजण जाणतों. परंतु पाणी मिळाल्यामुळेंच एक चांगली जमीन ओसाड पडली, असें कोणीं सांगितलें तर शहरांतील माणसास तें सहसा पटावयाचें नाहीं. आपल्या चहाच्या पेल्यांत जी साखर पडते, तिच्या इतिहासांत असें एक प्रकरण आहे. तें आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

पुणें जिल्ह्यांतील पुरंदर, बारामती व इंदापूर हे तालुके पूर्वींपासून अवर्षणाचे. बारामतीच्या बाजूस वर्षाकांठीं वीस इंचांच्या आसपास पाऊस, आणि तोहि बेभरंवशाचा. १८७६-७७ च्या दुष्काळानें ह्या मुलखाची दाणादाण उडविली. त्यानंतर नीरेच्या खोऱ्यांत भाटघर येथें धरणाचें काम निघालें आणि १८८५ सालीं नीरेचा डावा कालवा वाहूं लागला. पाऊस पडला कीं ज्वारी-बाजरीसाठीं शेतकरी कालव्याचें पाणी घेईनासे होत. ऊस मात्र वर्षभर पाणी मागे आणि पाणीपट्टीहि अधिक देई. सरकारास महसूल हवा होता, शेतकऱ्यास गुळाचा पैसा हवा होता. जेथें कुसळें उगवत, तेथें गुऱ्हाळें धडधडूं लागलीं.

मात्र ह्या वैभवाच्या पोटांतच दुखणें होतें. तेथील काळी जमीन जड. तिच्याखालीं मुरूम व मुरुमाखालीं कातळ. खडक झिजून निघालेले क्षार अल्प पावसानें धुऊन जात नाहींत. ते खोल पडून असतात. कालव्याचा पाझर आणि उसाला दिलेलें जादा पाणी ह्यांमुळें जमिनीखालचें पाणी वर चढलें व त्याबरोबर क्षारहि वर आले. दिव्याच्या वातींतून तेल चढावें, तसें हें पाणी मातींतून चढतें. उन्हानें पाणी उडून जातें आणि क्षार तेवढे राहतात. सखल रानांत प्रथम पांढरा थर दिसूं लागला. पुढें कित्येक जमिनी चोपण झाल्या, म्हणजे वर पाणी साचलें तरी आंत मुरेना. त्यांत विहिरीच्या पाण्याची भर पडते. लिटरमागें अर्धा ग्रॅम क्षार असलेलें पाणी उसाला वर्षांत सहा फूट दिलें, तर एका एकरांत सुमारें पावणेचार टन क्षार येऊन पडतात. निचरा नसेल तर ते जाणार कोठें?

मातींत क्षार फार झाले, म्हणजे भोंवतीं ओल असूनहि उसाच्या मुळांस पाणी ओढून घेतां येत नाहीं. उगवण विरळ होते, फुटवे कमी येतात, पानांचे शेंडे करपतात, कांडीं आखूड राहतात. खोडवा तर त्याहून हलका निघतो. रसांत क्षार उतरल्यामुळें साखरेचे दाणे नीट धरत नाहींत आणि गूळ खारट व मऊ होतो.

हें कोणास कळलें नव्हतें, असें मात्र नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या ह्यांनीं ह्या कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत पुढें मांडली. उसाखेरीज इतर पिकेंहि पाळीपाळीनें घ्यावीं व पाणी अधिक क्षेत्रावर पसरावें, असा तिचा हेतु होता. १९१० सालीं डॉ. हॅरोल्ड मॅन व ताम्हणे ह्यांची नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवरील पुस्तिका मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानें प्रसिद्ध केली. १९१६ सालीं मुंबई सरकारनें पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठीं खास विभाग उघडला. खडकवासल्याच्या संशोधन केंद्राचा उगम तोच. १९३२ सालीं पाडेगांवास उसाचें संशोधन केंद्र निघालें. ज्ञान होतें; मग जमिनी खराब होत कां राहिल्या?

ह्याचें उत्तर मला पुस्तकांत मिळालें नाहीं, तें एका शेतांत मिळालें. मी कालव्याकांठच्या एका गांवीं शिक्षक होतों. शाळेमागें एका विद्यार्थ्याच्या वडिलांचें चार एकरांचें रान होतें. ऊस सुकूं लागला, तेव्हां ते मला म्हणाले, “मास्तर, पाणी कमी पडतंय.” त्यांनीं आणखी पाणी दिलें. खारानें सुकलेलें पीक तहानेनें सुकल्यासारखेंच दिसतें, आणि उपायच रोग वाढवितो. शेवटीं त्यांस समजलें कीं चर खणून पाणी बाहेर काढलें पाहिजे. पण चर काढावयाचा तर तो खालच्या शेजाऱ्याच्या शेतांतून ओढ्यास नेला पाहिजे. शेजारी जागा देईना. चार वर्षांनीं त्याचें रानहि पांढरें झालें, तेव्हां तो कबूल झाला. तोंपर्यंत पहिल्यानें जमीन विकली होती आणि माझा विद्यार्थी शाळा सोडून पुण्यास मजुरीला गेला होता. मीं त्याला भूगोल शिकविला होता. परंतु त्याच्या बापाच्या शेताखालीं काय चाललें आहे, हें मींहि त्याला कधीं सांगितलें नव्हतें.

पाणी एकट्याला घेतां येतें, निचरा मात्र एकट्याला करतां येत नाहीं. ह्या एका वाक्यांत त्या साऱ्या इतिहासाचें सार आहे. पुढें कृष्णा-पंचगंगेच्या कांठीं, सांगली व शिरोळकडे, उपसा पाणी आलें आणि तीच कथा पुन्हां घडली. आतां तेथें शेतकरी एकत्र येऊन जमिनीखालीं छिद्रांचे नळ घालतात व खारें पाणी बाहेर काढतात. चोपण जमिनींत जिप्सम घालतात, ताग-ढैंचा गाडतात, ठिबकानें बेताचें पाणी देतात. पाडेगांवची ‘फुले २६५’ ही जात खारांत बऱ्यापैकीं तग धरते. पण कोणतीहि जात निचऱ्याची जागा घेऊं शकत नाहीं.

शहरांतील आपण कालव्याचें उद्घाटन झालेलें वाचतों आणि संतोष पावतों. ह्यापुढें एवढेंच करावें: कालवा आला असें ऐकलें, कीं त्याबरोबर चरहि खणले काय, असें विचारावें.