देवाचा विसावा : पवित्र शास्त्रात विसंगती आहे काय?

उत्पत्तीच्या पुस्तकानुसार (२:२-३) देवाने आपले कार्य पूर्ण करून सातव्या दिवशी विसावा घेतला. निर्गम ३१:१७ मध्ये तर त्या दिवशी देव ताजातवाना झाला, असे म्हटले आहे. उलट, देव कधीही थकत नाही असे यशया संदेष्टा (४०:२८) सांगतो. योहान ५:१७ मध्ये प्रभू येशू चक्क शब्बाथ दिवशी जाहीर करतो की, आपला पिता अजूनही कार्य करीत आहे. जो थकत नाही तो विसावला कसा? आणि विसावला असेल, तर कार्यमग्न कसा?

शब्दांचा अर्थ

उत्पत्तीतील मूळ हिब्रू क्रियापद 'शाबाथ' याचा प्रमुख अर्थ 'थांबणे' असा आहे. थकवा त्यात गृहीत नाही. निर्गम ३१:१७ मधील क्रियापद मात्र श्वासाशी निगडित आहे. आपण 'दम खाणे' म्हणतो तसे. हेच क्रियापद निर्गम २३:१२ मध्ये दासीपुत्र व परदेशी यांच्या विश्रांतीसाठी योजले आहे. देवाविषयी मानवी भाषेत बोलताना पवित्र शास्त्राने कष्टकऱ्याच्याच विसाव्याचा शब्द निवडला, हे लक्षणीय आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

संत ऑगस्टीन व पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी असे स्पष्टीकरण दिले : देव नवनिर्मितीचे कार्य करण्याचा थांबला, निर्मिलेल्या सृष्टीचे धारण व पालन करण्याचा नव्हे. शब्बाथ दिवशीही बालके जन्मतात, पाऊस पडतो. म्हणूनच प्रभू येशूने अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला त्या दिवशी बरे केले, तेव्हा त्याने पित्याचेच कार्य केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ सालच्या 'दिएस दोमिनी' या प्रेषितीय पत्रात देवाचा विसावा म्हणजे निष्क्रियता नसून पूर्णत्वास गेलेल्या सृष्टीकडे पाहण्याचा आनंद होय, असे प्रतिपादन केले आहे.

आपल्यासाठी बोध

दहा आज्ञांमध्येही शब्बाथाची दोन कारणे आढळतात : निर्गम २०:११ सृष्टिनिर्मितीचे स्मरण देते, तर अनुवाद ५:१५ मिसर देशातील गुलामगिरीचे. ही कारणे परस्परविरोधी नाहीत. ज्याला विसाव्याचा हक्क नाही, तो गुलाम. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी १८९० साली मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीर्घ लढ्यानंतर.

हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाशेजारच्या मारुंजीसारख्या गावात हा प्रश्न केवळ ग्रंथातील राहत नाही. संगणकावर रात्रपाळी करणारे, इमारतीचे सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या भगिनी, बांधकाम मजूर यांचा आठवडा रविवारी थांबतोच असे नाही. कुटुंबाची गरज वा समाजाची सेवा यांमुळे रविवारी काम करावे लागल्यास ख्रिस्तसभा दोष देत नाही. मात्र, आपल्या सोयीसाठी इतरांवर रविवारी अनावश्यक काम लादू नये, असे कॅथोलिक धर्मशिक्षण (क्र. २१८७) बजावते. रविवारी पवित्र मिस्साहून परतताना प्रत्येक कुटुंबाने विचारावे : आज आपण विसावलो, आपल्या दारी राबणाऱ्याला दम खायला मिळाला काय?